स्वस्त काडतुसांची पारख

२०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकांत कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफल-नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. हा छंद धरणाऱ्या मुलांच्या पालकांस आम्ही इतकेंच सुचवूं कीं, पॉइंट २२ बोअरचीं स्वस्त काडतुसें सर्वस्वीं टाकाऊ नसतात. उणीव असते ती एकसारखेपणाची. दारूचें वजन कमीजास्त झालें कीं गोळी वरखालीं लागते. बुडाच्या कांठांतील ठिणगीचा मसाला सर्वत्र सारखा न पसरल्यास चाप ओढूनही बार उडत नाहीं. अशा वेळीं नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावें. बार उशिरानें उडण्याचा संभव असतो. सरावास स्वस्त काडतूस चालेल. स्पर्धेस मात्र स्वतःच्या बंदुकींत पारखलेलेंच घ्यावें.