कर शून्य असला तरी रिटर्न भरावे का?

हिंगोली जिल्ह्यातील व्यापारी, कारागीर व लहान गुंतवणूकदारांच्या नेहमीच्या शंका

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. मात्र कर सल्लागाराकडे गर्दी होते ती रिटर्नच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात. घाईत भरलेल्या रिटर्नमध्ये चुका राहतात आणि त्यांची नोटीस वर्ष-दोन वर्षांनी घरी येते. तोपर्यंत कागद हरवलेले असतात आणि व्याज चढलेले असते. म्हणून आपल्या जिल्ह्यात वारंवार विचारल्या जाणाऱ्या शंकांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांचा बाजार मुख्यत्वे शेतमालावर चालतो. वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा ठिकाणी एकाच माणसाचे दुकान असते, वडिलोपार्जित चार एकर शेती असते, हंगामात तो आडतीचे कामही करतो आणि त्याचा मुलगा मोबाईलवरून शेअर घेतो. आयकराच्या दृष्टीने या चारही कमाया वेगळ्या आहेत. बहुतेक चुका कमाई लपवल्यामुळे होत नाहीत, कमाई चुकीच्या रकान्यात लिहिल्यामुळे होतात.

सुरुवातीला एक खुलासा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ या वर्षाच्या कमाईचे रिटर्न मात्र जुन्या कायद्यानेच भरायचे आहे. खालील आकडे त्याच वर्षाचे आहेत.

प्रश्न : माझ्यावर कर बसत नाही. मग रिटर्न कशाला?

उत्तर : नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. त्यापुढे कर लागतो, पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेट मिळून कर शून्य होतो. येथेच गैरसमज होतो. रिटर्न भरण्याची सक्ती १२ लाखांपासून नाही, ४ लाखांपासून सुरू होते. सहा लाख कमावणाऱ्याचा कर शून्य असेल, तरी रिटर्न न भरल्यास तो कायदा मोडतो.

शिवाय धंद्याची वर्षाची विक्री ६० लाखांच्या वर असेल, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा अधिक जमा झाले असतील, विजेचे बिल वर्षाला १ लाखाच्या वर गेले असेल, किंवा टीडीएस-टीसीएस मिळून २५,००० रुपये कापले गेले असतील, तर उत्पन्न कमी असूनही रिटर्न भरावे लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही कपातीची मर्यादा ५०,००० आहे.

सक्ती नसलेल्यांनीही रिटर्न भरलेले हिताचे. बँक कर्जाच्या वेळी दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. घरातील कमावता माणूस अपघातात गेला, तर भरपाईच्या दाव्यात त्याची कमाई सिद्ध करावी लागते. गॅरेजवाल्याकडे किंवा शिंप्याकडे पगाराची चिठ्ठी नसते. त्याच्या कमाईचा सरकारी पुरावा म्हणजे रिटर्न. तो नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते आणि नुकसान विधवेचे व मुलांचे होते.

प्रश्न : माझ्याकडे खरेदी-विक्रीची वही नाही. नफा कसा दाखवू?

उत्तर : लहान धंद्यासाठी कायद्याने ठोकताळ्याने नफा दाखवण्याची सोय केली आहे. ज्येष्ठ व्यापाऱ्यांना १९९२ ची योजना आठवत असेल. पाच लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराने १,४०० रुपये एकरकमी भरायचे, अशी ती होती. ती पुढे बंद झाली. आजची सोय जुन्या कायद्याच्या कलम ४४एडी मधली. वर्षाची विक्री २ कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटी आहे.

रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँक, चेक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरायचा. समजा विक्री ९० लाखांची आहे. ६० लाख बँकेतून आले, ३० लाख रोख. ६० लाखांवर ६ टक्के म्हणजे ३,६०,०००. ३० लाखांवर ८ टक्के म्हणजे २,४०,०००. नफा झाला ६ लाख. दुसरे उत्पन्न नसेल तर रिटर्न सक्तीचे, कर शून्य.

यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर जास्तच दाखवावा. कर बसत असेल तर आगाऊ कराची सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरावी. आणि एकदा ही सोय घेऊन मध्येच कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षे ती मिळत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तर हिशेब तपासनीसाकडून ऑडिटही करून घ्यावे लागते.

प्रश्न : मी हळदीचा आडत्या आहे. मलाही ६-८ टक्क्यांची सोय मिळेल का?

उत्तर : नाही. कमिशन, दलाली किंवा एजन्सीचे उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीला कायद्याने या सोयीतून वगळले आहे. वगळले आहे ते त्या व्यक्तीला. त्यामुळे आडतीबरोबर स्वतःच्या नावावर माल घेऊन विकणाऱ्याला त्या खरेदी-विक्रीसाठीही ही सोय घेता येत नाही. किराणा दुकान चालवून विम्याचे कमिशन मिळवणाऱ्यालाही हाच नियम. अशांनी रोजमेळ व खतावणी ठेवून खरा नफा काढावा आणि आयटीआर-३ भरावा.

आडत्यासाठी दोन बाबी सोयीच्याही आहेत. मोठ्या रोख रकमा बँकेतून काढल्यावर टीडीएस कापला जातो. परंतु शेतकऱ्यांना शेतमालाचे पैसे देण्यासाठी बाजार समितीतील आडत्या-व्यापाऱ्यांना २०१९ च्या अधिसूचनेने त्यातून सूट दिली. त्यासाठी बँकेला ठरलेले प्रमाणपत्र द्यावे लागते. दुसरे, धंद्याच्या खर्चात एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. मात्र शेतमाल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेल्या रकमेस ही अट नाही. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि भाव नीट लिहिलेला असला पाहिजे.

प्रश्न : दुकानाबरोबर शेतीही आहे. शेतीचे उत्पन्न दाखवायचे का?

उत्तर : शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. स्वतःच्या शेतातली हळद नेहमीच्या रीतीने शिजवून, वाळवून विकली तरी ती शेतीचीच कमाई. दुसऱ्याची हळद विकत घेऊन विकली तर तो व्यापार.

करमुक्त असली तरी ही कमाई लिहावी लागते. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर सोपा समजला जाणारा आयटीआर-४ हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. ठोकताळ्याने नफा दाखवणाऱ्यालाही हा नियम आहे. आपल्या भागात ही चूक सर्रास होते. इतर उत्पन्न करपात्र असेल तर कराचा दर ठरवताना शेतीची रक्कम हिशेबात धरतात. कर वाचावा म्हणून दुकानाचा नफा शेतीत दाखवणारे मात्र सात-बारा, पेरा आणि मालाची पट्टी मागितली की अडकतात.

प्रश्न : यूपीआयने खात्यात आलेला सगळा पैसा विक्री धरतात का?

उत्तर : भावाने पाठवलेले पैसे किंवा परत आलेली उधारी विक्रीत येत नाही. पण ते तुम्हाला दाखवता आले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून अनेक लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. म्हणून धंद्याचे आणि घरचे खाते वेगळे ठेवावे. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला साधारणपणे ४० लाखांवर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांवर जीएसटी नोंदणी लागते. जीएसटीत दाखवलेली विक्री आणि आयकरात दाखवलेली विक्री जुळली पाहिजे.

प्रश्न : बँकेचे व्याज आम्ही वापरत नाही, गरिबांना देऊन टाकतो. तरी दाखवायचे का?

उत्तर : होय. खात्यात जमा झालेले व्याज हे आयकराच्या दृष्टीने तुमचे उत्पन्न आहे, मग त्याचे पुढे काहीही करा. बँक त्याची माहिती विभागाला देते आणि ती तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसते. धंद्यासाठी चालू खाते उघडले तर त्यावर सहसा व्याज मिळत नाही, हा एक सरळ मार्ग आहे.

ज़कातीबाबतही हीच विचारणा असते. ज़कात उत्पन्नातून वजा होत नाही. ८०जी ची सूट फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर, संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर आणि जुनी करपद्धत निवडली असेल तरच मिळते. २,००० रुपयांच्या वर रोख देणगीला ती मिळत नाही.

प्रश्न : नातेवाइकांत बिनव्याजी कर्ज रोखीने दिले-घेतले तर?

उत्तर : कर्ज-ए-हसना देण्यास कायद्याची मनाई नाही, मनाई रोखीला आहे. २०,००० रुपये किंवा अधिक कर्ज चेकने किंवा बँकेतूनच घ्यावे आणि तसेच परत करावे. रोखीने घेतल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. व्याज नसल्याने सूट मिळत नाही. फक्त दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि कोणाचेही उत्पन्न करपात्र नसेल तर ही अट लागत नाही. तसेच एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारू नये. हा नियम शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही आहे.

प्रश्न : शेअर, सोने, प्लॉट विकला. कर किती?

उत्तर : शेअर बाजारातले शेअर व इक्विटी म्युच्युअल फंड वर्षभराहून जास्त ठेवून विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. १२ लाखांचा रिबेट या करावर मिळत नाही. मोबाईलवर फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावे की तो धंदा समजला जातो. तोटा झाला तरी मुदतीत आयटीआर-३ भरावा, तरच तो तोटा पुढील वर्षांत वळता करता येतो.

सोने व प्लॉट दोन वर्षांहून जास्त ठेवून विकल्यास साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या प्लॉटला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, दोन्ही हिशेब करून कमी तो भरावा. शेतजमीन गावात असेल तर नफ्यावर कर नाही. पण हिंगोली व वसमत शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दहा हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत होती. त्यामुळे नगर परिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतील जमिनीवर कर बसतो. सौदा करण्याआधी अंतराचा दाखला घ्यावा.

प्रश्न : मुदत चुकली, किंवा परतावा येत नाही. काय करावे?

उत्तर : ऑडिट नसलेल्या व्यापाऱ्याची मुदत आजवर ३१ जुलै होती. २०२६ च्या अर्थसंकल्पात ती ३१ ऑगस्ट करण्याचा प्रस्ताव आला. धंदा नसलेल्यांसाठी ३१ जुलैच. मुदतीनंतर ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येते, पण ५,००० रुपये विलंब शुल्क पडते. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. त्यानंतर चार वर्षांपर्यंत जादा कर देऊन अद्ययावत (अपडेटेड) रिटर्नची वाट आहे, परंतु तिने परतावा मागता येत नाही.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी केली नाही तर ते मुदतीत भरलेले धरले जात नाही. परतावा अडकण्याचे दुसरे कारण म्हणजे नाव. पॅनवर 'शेख' पुढे, आधारवर मागे, एका ठिकाणी 'मोहम्मद' आणि बँकेत 'मो.'. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर पॅन निष्क्रिय होतो आणि कर जास्त कापला जातो. तिन्ही कागदांवर नाव एकसारखे करून घेण्याचे काम आधी उरकावे.

व्यापारी व कारागीर बांधवांनी सल्लागाराकडे जाताना पॅन, आधार, सर्व खात्यांचे उतारे, जीएसटीची विवरणे, २६एएस व एआयएस, सात-बारा आणि खरेदी-विक्रीच्या पावत्या सोबत न्याव्यात. शेती, आडत, भाडे, व्याज, शेअर, सगळे त्याला स्वतःहून सांगावे. रिटर्न दुसऱ्याने भरले तरी त्यातील प्रत्येक आकड्याची जबाबदारी ज्याचा पॅन त्याचीच असते. म्हणून पाठवण्यापूर्वी ते एकदा वाचून घ्यावे आणि पोचपावतीची प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. पुढे तिची गरज मुलाबाळांनाही पडू शकते.