बैठकीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घ्या, डेटा न संपवता



आपल्यापैकी काही ग्रामसंघ आता बैठकीतलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करतात. नंतर निवांत ऐकून इतिवृत्त लिहिता येतं. पण हे रेकॉर्डिंग एकाच ताईच्या फोनमध्ये राहतं. फोन पाण्यात पडला किंवा घरातल्या पोराने जागा करायला पुसून टाकलं, की गेलंच! म्हणून ते कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला हवं.

एक तासाचं एमपीथ्री रेकॉर्डिंग (१२८ केबीपीएस) जवळपास ५८ एमबी भरतं. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलं तर पाठवताना डेटा जातो, कॉम्प्युटरवर उतरवताना पुन्हा जातो. खरं तर फोन आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतात. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायला आपण तालुक्याला जाऊन येतो का? नाही ना! हॉटस्पॉटने दोन्ही थेट जोडता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही.

कसं करायचं?

१. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, मग हॉटस्पॉट सुरू करा. डेटा चालू राहिला तर कॉम्प्युटर गुपचूप अपडेट घेतो आणि पॅक संपतो.

२. कॉम्प्युटरवर वाय-फायच्या यादीतून आपल्या फोनचं नाव निवडा, पासवर्ड टाका. ‘इंटरनेट नाही’ असं दिसेल, घाबरू नका.

३. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये किंवा फाइल मॅनेजरमध्ये ‘वाय-फाय ट्रान्सफर’सारखा पर्याय शोधून सुरू करा. एक पत्ता दिसेल, उदा. १९२.१६८.४३.१:८०८०. तुमच्या फोनवरचे आकडे वेगळे असू शकतात.

४. तो पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत टाका. आकडे इंग्रजीत, आणि मधली टिंबं सोडू नका.

५. फाइलींची यादी आली की हवी ती डाउनलोड करा. तोवर फोनची स्क्रीन बंद होऊ देऊ नका.

काही अ‍ॅप स्वतःच्या हॉटस्पॉटवर पत्ता दाखवत नाहीत. तेव्हा दुसऱ्या ताईच्या फोनचा हॉटस्पॉट लावा (डेटा बंदच) आणि तुमचा फोन व कॉम्प्युटर दोन्ही त्याला जोडा.

आता महत्त्वाचं. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता त्या जोडणीपुरताच चालतो, दुसऱ्या गावातून कोणाला उघडता येत नाही. पण त्याच वाय-फायला जोडलेला कोणीही तो उघडू शकतो, अ‍ॅपमध्ये वेगळा पासवर्ड नसेल तर फाइलही घेऊ शकतो. कोणाचा हप्ता थकला, कोणी दवाखान्यासाठी कर्ज मागितलं, हे सगळं त्या आवाजात असतं. म्हणून बस स्टँडच्या किंवा दुकानाच्या वाय-फायवर हे करू नका. हॉटस्पॉटचा पासवर्ड अवघड ठेवा. काम झालं की ट्रान्सफर आणि हॉटस्पॉट दोन्ही बंद करा.

रेकॉर्डिंग करण्याआधी सगळ्या सदस्यांना विचारा. एकीनेही नको म्हटलं तर करू नका. आणि सह्यांच्या वहीची जागा रेकॉर्डिंग घेत नाही, वही पूर्ण हवीच.

फाइलीला गावाचं नाव आणि तारीख द्या. कॉम्प्युटरवर सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून बघा, मगच फोनमधली काढा. पुढच्या बैठकीआधी एकदा पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर करून बघा. अडलं तर तुमच्या सीआरपी ताईंना सांगा, मी गावात येईन तेव्हा सोबत बसून करू.

– क्षेत्र समन्वयक