पाट्याची चार कामं

भोरमधल्या एका गॅरेजात जुनी जीप मागून उचलून ठोकळ्यांवर ठेवली होती. मिस्त्री खाली पोतं टाकून उताणे, हातात बॅटरी. मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा पुढच्या टोकाला जिथं वळून बुशला धरतो, तिथंच तुटला होता. मिस्त्रींनी तुकडा बाहेर सरकवला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गंजानं तपकिरी झालेला, उरलेली पट्टी ताजी, करडी, दाणेदार. ‘हा आज नाही तुटला,’ ते खालूनच म्हणाले. ‘चीर गेल्या पावसाळ्यातली. आज नुसता सुटला.’

गाडीमालक पोरगा वेल्ह्याकडचा. पाटा बदलायची ही त्याची तिसरी वेळ. वैतागून म्हणाला, ‘मिस्त्री, मागचे पाटे काढूनच टाका. कॉइल बसवा.’

मिस्त्री बाहेर आले, हात पुसले. ‘बसवू की. पण पाट्याची बाकीची कामं कोण करणार, ते आधी ठरवू.’

पाटे काढून कॉइल बसवायच्या सगळ्या खटाटोपाचं मर्म या उत्तरात आहे. पाटा म्हणजे नुसती स्प्रिंग, असं आपण धरून चालतो. खरं तर तो एकटा चार कामं करतो. गाडीचं वजन पेलतो, हे पहिलं. मागचा एक्सल पुढं-मागं आणि डावी-उजवीकडं सरकू देत नाही, हे दुसरं. इंजिनाचा जोर चाकाला पोचताना एक्सलचं हाउसिंग उलटं फिरू पाहतं, त्याला दाबून धरतो, हे तिसरं. आणि एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानं उसळी थोडी शमते, हे चौथं. टांग्याला कमान होती ती याच जातीची. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप चारही चाकांना पाट्यांवर होती, स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रनं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली तीही तशीच. दोन यू-बोल्ट, एक सेंटर बोल्ट, एका टोकाला बुश आणि दुसऱ्या टोकाला शॅकल, एवढ्यावर एक्सल बसतो. इतक्या थोड्या सामानात इतकं काम करणारा भाग गाडीत दुसरा नाही, असं माझं मत आहे.

मग तो काढावासा का वाटतो? त्यासाठी भोर-वेल्ह्याकडचे रस्ते पाहिले पाहिजेत. कपूरहोळ, नसरापूरपर्यंत महामार्गाची संगत. तिथून पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढतो आणि रस्ता अरुंद होतो. भोरकडून हिर्डोशीच्या खोऱ्यातून वरंध घाटाकडं जावं, कोर्ल्याकडून रायरेश्वराची चढण धरावी, किंवा वेल्ह्याहून तोरण्याची १,४०३ मीटरची भिंत बाजूला ठेवत केळदला, मढे घाटाच्या तोंडाशी जावं. डांबर सोडून वस्तीकडं वळलं की मुरूम, त्यात रुतलेले काळे धोंडे आणि पाण्यानं कापलेले चर. डावं चाक चरात उतरतं, उजवं त्याच वेळी दगडावर चढतं. इथं एक्सलला तिरकं व्हायची मोकळीक हवी. रिकाम्या जीपचा मागचा पाटा ती देत नाही, कारण तो आठ-दहा माणसं आणि वर पोती, या हिशेबानं बनवलेला असतो. त्यात पावसाळाभर चिखल-पाणी पाट्यांच्या फटीत शिरतं, गंज धरतो आणि पाटे एकमेकांना चिकटून जणू एकच जाड पट्टी होते. चरावरचं चाक हवेत गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही.

चढाचा त्रास वेगळाच. लो रेशोत पहिला गिअर टाकून दम दिला की हाउसिंग फिरू पाहतं आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. मुरडतो, सुटतो, परत मुरडतो. मागचं चाक दगडावर थडथड नाचतं. खालचा प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट आणि मेन पाट्याचं ते वळलेलं टोक, दोघांचं आयुष्य या नाचण्यात जातं. त्या पोराचा पाटा असाच गेला होता.

कॉइलमध्ये घर्षण जवळजवळ नाही. ती मोकळेपणानं दबते आणि लांबते, त्यामुळं चाक खड्ड्यात उतरून जमीन धरतं. जगभरच्या दणकट गाड्यांनी तो रस्ता कधीच धरला. १९७० ची रेंज रोव्हर चारही बाजूंनी कॉइलवर होती. आपल्याकडं बराच काळ गेला. १९८५ मध्ये भारतात आलेली मारुती जिप्सी शेवटपर्यंत पाट्यांवरच राहिली. तिच्या घराण्यातली जिम्नी २०२३ मध्ये आली ती कॉइल घेऊन. २०१० च्या थारला मागं पाटे होते. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा मागचा एक्सल अखंडच राहिला, पण खाली कॉइल आणि एक्सल धरायला दांड्या आल्या. आपल्या आकुर्डीची फोर्स मोटर्स, म्हणजे जुनी बजाज टेंपो, तिची सुरुवातीची गुरखाही पाट्यांवर होती. २०२१ ची गुरखा पुढं-मागं कॉइलवर आहे. कारखान्यांनीच हे केलं म्हटल्यावर जुन्या जीपवाल्यांना तोच मोह होणं साहजिक आहे.

फरक एवढाच की कारखान्यानं चेसिसपासून सगळं नव्यानं मांडलं. गॅरेजात ते जुन्या चेसिसवर मांडायचं असतं.

कॉइलला फक्त वजन पेलता येतं. उरलेल्या कामांसाठी माणसं नेमावी तशा दांड्या नेमाव्या लागतात. खालच्या दोन लांब दांड्या चेसिसपासून एक्सलपर्यंत जातात आणि त्याला पुढं-मागं सरकू देत नाहीत. वरच्या दोन हाउसिंगचं मुरडणं धरतात. डावी-उजवी हालचाल रोखायला एक आडवी दांडी लागते, पॅनहार्ड रॉड. तिचं एक टोक चेसिसला, दुसरं एक्सलला. दिसायला ही सगळ्यात साधी, पण चूक इथंच जास्त होते. दांडी वर-खाली होताना कमानीत फिरते, म्हणून एक्सल थोडा बाजूला ओढला जातो. ९०० मिलिमीटरची दांडी सपाट बसवली आणि एक्सल १०० मिलिमीटर वर गेला, तर तो साडेपाच मिलिमीटर सरकतो. जागा नाही म्हणून ४५० ची दांडी घातली, तर तेच सरकणं सव्वाअकरा होतं. प्रत्येक खड्ड्याला गाडीचं मागचं अंग कंबर हलवल्यासारखं डुलतं. म्हणून दांडी शक्य तितकी लांब हवी आणि गाडी उभी असताना शक्य तितकी आडवी.

कॉइल निवडताना तर अंदाज कामाचाच नाही. तिचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १४ मिलिमीटरच्या तारेऐवजी १५ ची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कॉइल जवळजवळ ३२ टक्के ताठ होते. उलट वेढ्यांचा व्यास वाढला की ती झपाट्यानं मऊ पडते. उंची कमी करायला म्हणून कापतात, तोही असाच प्रकार. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला की उरलेली कॉइल साधारण १४ टक्के ताठ होते. गाडी खाली बसते आणि वर दणकेही जास्त देते. मिस्त्रींनी त्या पोराला आधी काट्यावर जायला सांगितलं: गाडी रिकामी एकदा, भरलेली एकदा, आणि दोन्ही वेळा मागच्या एक्सलचं वजन वेगळं. त्या दोन आकड्यांशिवाय कॉइलच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, असं बजावून. मला हे फार आवडलं.

पाट्यांचं घर्षण गेलं, म्हणजे उसळी शमवायचं सगळं ओझं शॉकअपवर आलं. जुना शॉकअप ते पेलत नाही. नव्याची लांबीही मोजून घ्यावी लागते, कारण चाक खाली लोंबलं की आखूड शॉकअप ताणून तुटतो, आणि जास्त लांब असला तर कॉइल आपल्या वाटीतून निसटून बाहेर पडते. मागची ब्रेक नळी नव्या प्रवासाला पुरते का, तेही पाहावं लागतं. कित्येक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका काडीनं एक्सलला जोडलेला असतो. गाडीची उंची बदलली की त्याला वाटतं ओझं बदललं, आणि तो ब्रेकचा दाब चुकीचा देतो. वरंध घाट उतरताना ही चूक जिवाशी येते.

वेल्डिंगबद्दल जास्त लिहायला हवं, कारण अपघात तिथून होतात. दांड्यांचे ब्रॅकेट चेसिसच्या एका कडेला टाके मारून चिकटवले, तर सगळा जोर त्या एका रेषेवर येतो आणि पत्रा फाटत जातो, आमच्या समोरच्या पाट्यासारखाच, आतून, हळूहळू. ब्रॅकेटला आधाराच्या तिरक्या पट्ट्या हव्यात, खाली रुंद पाठ हवी. दर हजारभर किलोमीटरला चिखल धुऊन, बॅटरी मारून ती जागा बघायची सवय हवी. दुसरं एक लक्षात ठेवावं: कॉइल बहुधा पाट्यांपेक्षा आत, एकमेकींच्या जवळ बसतात, त्यामुळं वळणावर गाडी जास्त कलते. स्टॅबिलायझर बार न लावता टपावर सामान घेऊन घाटात जाऊ नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे म्हटलं. तेव्हा पहिली चौकशी आरटीओत आणि विमा कंपनीकडं करावी, गॅरेजात नंतर.

मग काढावेत का पाटे? ज्याची जीप सकाळी माणसं, दुपारी भाताची पोती आणि रात्री-अपरात्री पेशंट भोरच्या दवाखान्यात नेते, त्यानं पाटे काढू नयेत. कॉइल रिकामेपणी छान, पण पोती भरली की मागून बसते. पाट्याला हेल्पर पाटा जोडता येतो आणि तुटला तर नसरापुरातही मिळतो. अशा माणसानं पाटे उघडून घासावेत, ग्रीस द्यावं, बुश आणि यू-बोल्ट बदलावेत. निम्मा त्रास तिथंच संपतो. डोंगरवाटा हीच ज्याची हौस आहे, गाडीत दोन-तीन माणसं आणि थोडं सामान एवढंच ज्याचं ओझं, त्यानं कॉइलचा विचार जरूर करावा. पण दांड्या, शॉकअप, ब्रेक आणि वेल्डिंग या सगळ्यांचा खर्च आधी धरून. नुसत्या दोन कॉइलच्या किमतीवर हिशेब मांडू नये.

त्या पोरानं शेवटी नवा मेन पाटा बसवून घेतला. जुन्या पाट्याचा तुकडा त्यानं सीटखाली टाकला, गावच्या लोहाराकडून कोयता करून घ्यायला. पाट्याच्या पोलादाचा कोयता धार धरतो, हे आपल्याकडं प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तुम्ही कॉइलवर गेलातच, तर माझी एक विनंती ऐका: चांगले पाटे लगेच लोहाराला किंवा भंगारात देऊ नका. एक अख्खा पावसाळा गाडी चालवून बघा, आणि तोवर ते यू-बोल्टसकट तेल लावून गोठ्याच्या माळ्यावर ठेवा.