रविवारचीं छायाचित्रें

रविवारीं रात्रीं साडेनऊ-दहाच्या सुमारास पुणें-मुंबईकडील, सोलापूर-नागपूरकडील पुष्कळ घरांत एक लहानसा समारंभ होतो. परदेशांत शिकावयास गेलेल्या मुलीचीं छायाचित्रें आईच्या मोबाईलवर येऊं लागतात. एकांत मुलगी उंच मनोऱ्यांच्या चर्चसमोर उभी असते, दुसऱ्यांत नदीच्या पुलावर, तिसऱ्यांत हातांत वाफाळलेला पेला घेऊन बर्फांत. मंडळी चष्मा पुसून तीं पाहतात, शेजारीं दाखवितात, आणि मग कोणी मावशी किंवा काका सहज म्हणून जातात, "मजा आहे बुवा! पण ही अभ्यास करते तरी केव्हां?" घरावर शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज असतें, त्यामुळें हा प्रश्न वाटतो तितका सहज राहत नाहीं. आई गप्प बसते, वडील विषय बदलतात. पुढल्या रविवारीं छायाचित्रें थोडीं कमी येतात, कारण तो प्रश्न मुलीच्या कानांवरहि कोणीतरी घातलेला असतो.

छायाचित्र खोटें बोलत नाहीं. परंतु तें सात दिवसांपैकीं एकाच दिवसाचें असतें. उरलेले सहा दिवस कसे जातात हें समजल्यावांचून सातव्याचा अर्थ लागत नाहीं. प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी, म्हणून येथें एकच गांव घेतलेलें बरें. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जम व नेदरलंड्स या दोन देशांच्या सीमांना खेटून आखेन नांवाचें शहर आहे. वस्ती सुमारें अडीच लाख. ८१४ सालीं मरण पावलेला सम्राट शार्लमेन येथील कॅथीड्रलांत चिरनिद्रा घेत आहे, आणि १८७० सालीं सुरू झालेल्या येथील तंत्रविद्यापीठांत चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत साऱ्या जर्मनींतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांत तिनें पहिला क्रमांक घेतला. आखेनच्या वाट्यालाहि त्यांतील बरेच येतात; बसमध्यें मराठी ऐकूं आलें तर कोणी मान वळवून पाहत नाहीं.

प्रथम पैशाचा हिशोब. जर्मन सरकार व्हिसा देण्यापूर्वीं विद्यार्थ्याला एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम एका खास खात्यांत ठेवावयास लावतें. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. पैसे आपलेच, पण हात घालतां येतो तो महिन्याला ९९२ युरोंपुरता, बाकीचे कुलपांत. शिक्षणाचें शुल्क मात्र त्या प्रांतानें २०११ सालींच रद्द केलें, आणि विद्यापीठाच्या नेहमींच्या अभ्यासक्रमांना दर सहामाहीला सुमारें तीनशें युरो वर्गणी तेवढी भरावी लागते. म्हणजे घरावर जें कर्ज होतें तें बहुधा शिकवणीसाठीं नव्हे, तर भाकरीसाठीं. खोलीचें भाडें या रकमेचा तिसरा हिस्सा, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक, गिळून टाकतें. आरोग्यविम्याला दरमहा दीडशें युरोंच्या आंतबाहेर लागतात. उरलेल्यांत खाणें, फोन, आणि हिवाळ्याचा कोट. पहिले दोनतीन महिने मुलगी प्रत्येक वस्तूची किंमत मनांतल्या मनांत रुपयांत मांडते आणि एका फ्लॉवरच्या गड्ड्यापाशीं पांच मिनिटें उभी राहते. पुढें ही संवय सुटते, कारण ती सुटल्याशिवाय जेवतांच येत नाहीं.

भर घालण्यासाठीं कामाची मुभा आहे. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करतां येतें. भाग्यवान असतील त्यांना प्रयोगशाळेंत प्राध्यापकांच्या हाताखालीं काम मिळतें. बाकीचे बेकरीच्या फळीमागें उभे राहतात किंवा गोदामांत खोकीं उचलतात. त्याचें छायाचित्र मात्र कोणी घरीं पाठवीत नाहीं.

बिऱ्हाड बहुधा तीनचार जणांत मिळून असतें. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, आणि भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. कचरा वेगळा करणें ही तेथें एक स्वतंत्र विद्याच आहे : कागद एका पेटींत, वेष्टनें दुसरींत, भाजीचीं देठें तिसरींत, आणि कांच तिच्या रंगाप्रमाणें रस्त्यावरील टाक्यांत, पण रविवारीं नव्हे, कारण कांच फुटल्याचा आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती बाटली दुकानांतील यंत्राला परत दिली म्हणजे मिळते. महिन्याच्या अखेरीस रिकाम्या बाटल्यांची पिशवी म्हणजे दोन दिवसांचें दूध होय. फोडणीचें प्रकरण अधिक अवघड. घरोघर छताला धुराची चाहूल घेणारें यंत्र बसविलेलें असतें. मोहरी तडतडली आणि दार उघडें राहिलें कीं तें किंचाळूं लागतें, व शेजारची मुलगी कानांवर हात ठेवून बाहेर येते. पहिल्या महिन्यांत असें दोनदां झालें म्हणजे फोडणी दार लावून, खिडकी सताड उघडून, थंडीनें कुडकुडत करण्याची रीत अंगवळणीं पडते.

आतां अभ्यास. बाहेरून पाहणाराला तेथील विद्यार्थी अगदीं मोकळा दिसतो. पुष्कळ विद्यापीठांत वेळापत्रकांत दहाचा तास असला तरी व्याख्यान सव्वादहाला सुरू होतें. ही पंधरा मिनिटें जुन्या प्रथेनें दिलेलीं आहेत. व्याख्यान संपलें कीं विद्यार्थी टाळ्या न वाजवितां बोटांच्या पेरांनीं बांकावर ठकठक करतात. प्रथम ऐकणाराला वाटतें, सभा उधळली! बहुतेक व्याख्यानांना हजेरी नाहीं, चाचण्या फार नाहींत, कोणी दटावीत नाहीं. आणि येथेंच आपल्याकडील हुषार मुलें फसतात. वर्षभर कोणीतरी मागें लागण्याची त्यांना संवय. तेथें कोणीच मागें लागत नाहीं आणि सत्राच्या शेवटीं एकच परीक्षा सगळ्याचा निकाल लावते. गुण उलटे : १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे कसाबसा पार, ५ म्हणजे नापास. एका विषयाला बहुधा तीनच संधी. आवश्यक विषयांत तिसऱ्यांदा अपयश आलें तर नांव काढलें जातें, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनींतील दुसऱ्या विद्यापीठांत घेण्याचें दारहि सामान्यतः बंद होतें. राहण्याचा परवाना शिक्षणासाठींच दिलेला असल्यामुळें तोहि त्याबरोबर डळमळूं लागतो. घरचें कर्ज, कुलपांतले पैसे, शेजाऱ्यांना दाखविलेलीं छायाचित्रें, सारें एका तीन तासांच्या कागदावर येऊन ठेपतें. सोमवार ते शुक्रवार ग्रंथालयांतील दिवे रात्रीं उशिरांपर्यंत जळतात ते उगीच नव्हेत.

मग रविवार येतो. जर्मनींत रविवार हा नुसता सुटीचा वार नाहीं. १९१९ च्या राज्यघटनेंत विश्रांतीचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून त्याला संरक्षण मिळालें आणि १९४९ च्या घटनेनें तें कलम तसेंच पुढें चालविलें. बहुतेक दुकानें बंद, रस्ते ओस. शनिवारीं दूध आणावयास विसरलेल्या नवख्या विद्यार्थ्याला स्टेशनांतील दुकान तेवढें आधार देतें, आणि तें स्वस्त नसतें. डिसेंबरांत साडेआठपर्यंत उजाडत नाहीं व साडेचारला दिवस बुडतो. ज्याचें बालपण दारांतल्या भाजीवाल्यांच्या हाळ्यांत आणि गच्चीवरच्या गप्पांत गेलें, त्याला या शांततेंत प्रथम आपल्याच श्वासाचा आवाज ऐकूं येतो. घरची आठवण आठवड्याच्या गडबडींत दबून असते, ती रविवारीं दुपारीं अंगावर येते. पुष्कळ मुलांनीं पहिला प्रवास केला तो देश पाहण्याच्या हौसेनें नव्हे, तर खोलींतून पळ काढण्यासाठीं.

पळण्याची सोय स्वस्त आहे. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून तेथील विद्यार्थ्यांना साऱ्या जर्मनींत चालणारा प्रवासाचा पास मिळूं लागला. आरंभीं तो महिन्याला २९ युरो ४० सेंट पडे, पुढें ही किंमत वाढली. तो सहामाही वर्गणींतच धरलेला असतो. त्यावर शहरांतील बस, ट्राम आणि प्रांतोप्रांतींच्या साध्या गाड्या चालतात. जलद गाड्यांना मात्र तो चालत नाहीं. म्हणून विद्यार्थ्याचा प्रवास सावकाशीचा, दोन गाड्या बदलून, मांडीवर पोळीभाजीचा डबा ठेवून केलेला असतो. घरीं बसलेल्या काकांना ज्या सहलीचे शंभर युरो वाटतात, तिला बहुधा एका कॉफीचे पैसे पडलेले असतात.

आखेनच्या विद्यार्थ्याची पहिली सहल बहुधा बसनेंच होते. शहराच्या पश्चिमेस फाल्स नांवाचें गांव नेदरलंड्समध्यें आहे. तेथें खोली घेऊन रोज जर्मनींत शिकावयास येणारे विद्यार्थीहि पुष्कळ. गांवामागील टेकडी सुमारें ३२२ मीटर उंचीची. माथ्यावर एक दगड, आणि त्या दगडापाशीं तीन देश मिळतात. एक पाय जर्मनींत, दुसरा बेल्जममध्यें आणि हात नेदरलंड्समध्यें अशा थाटाचें छायाचित्र प्रत्येकाच्या संग्रहीं असतेंच. त्यामागची गंमत मात्र थोड्यांना ठाऊक असते. एके काळीं येथें तीन नव्हे, चार प्रदेश मिळत. नेपोलियनच्या पाडावानंतर जवळच्या जस्ताच्या खाणीवर दोन राज्यांचा वाद मिटेना, म्हणून १८१६ सालीं तेवढा लहानसा तुकडा कोणाचाच नाहीं असा ठरविला गेला आणि 'तटस्थ मोरेने' या नांवानें तो १९२० पर्यंत, शंभरांवर वर्षें, तसाच राहिला. १९०८ सालीं तेथील कांहीं उत्साही मंडळींनीं एस्परांतो ही कृत्रिम भाषा बोलणारें राज्य स्थापण्याचा घाटहि घातला होता! पुढें व्हर्सायच्या तहानें तो तुकडा बेल्जमला मिळाला.

याच तहाची दुसरी करामत सायकलवरून पाहतां येते. आखेनहून दक्षिणेकडे जाणारी 'फेनबान' नांवाची रेल्वे १८८० च्या दशकांत जर्मन राजवटींत बांधली गेली. पहिल्या महायुद्धानंतर रूळ व त्याखालची जमीन बेल्जमला देण्यांत आली, दोहों बाजूंचीं गांवें मात्र कांहीं ठिकाणीं जर्मनींतच राहिलीं. आतां गाड्या नाहींत. त्या मार्गावर लक्झेंबर्गच्या उत्तर टोकापर्यंत सुमारें १२५ किलोमीटरची सायकलची वाट झाली आहे. रूळ गेले, तरी ती अरुंद पट्टी आजहि बेल्जमची आहे, आणि तिच्या पलीकडे जर्मनीचे कांहीं तुकडे बेटांसारखे अडकून पडले आहेत. वाटेवरचा सायकलस्वार बेल्जममध्यें असतो, डावीउजवीकडे मात्र जर्मन परसांतले कपडे वाळत असतात. सीमा म्हटली कीं तारेचें कुंपण आणि बंदूकधारी शिपाई एवढेंच ज्याला ठाऊक, त्या मुलाला ही वाट दहा व्याख्यानांहून अधिक शिकवून जाते. पासपोर्ट मात्र खिशांत हवाच : जर्मनीच्या परवान्यावर शेजारच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहतां येत असलें, तरी सप्टेंबर २०२४ मध्यें जर्मनीनें आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हां तपासणी सुरू केली, आणि परतीच्या बसमध्यें कागद खोलीवर राहिले असें सांगणाऱ्या विद्यार्थ्याची भंबेरी उडते.

कोलोन साध्या गाडीनें तासाभराचें. स्टेशनच्या दारांतून बाहेर पडतांच १५७ मीटर उंचीचें कॅथीड्रल अंगावर आल्यासारखें उभें राहतें. काम १२४८ सालीं सुरू झालें, मध्यें कित्येक शतकें थांबलें, आणि १८८० सालीं पुरें झालें. दक्षिणेकडील मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढणारे चढतात. न चढणारे खालीं बसून डबा उघडतात, आणि त्यांचेंहि कांहीं चुकतें असें नाहीं.

कोलोनहून पुढें अर्ध्या तासावर बॉन. आपलीं मुलें तेथें जातात तीं १७७० सालीं जन्मलेल्या बेथोव्हेनचें घर पाहण्यासाठीं. पण मराठी माणसानें बॉनमध्यें आणखी एका गृहस्थाची आठवण करावी. हेर्मान याकोबी हे संस्कृतचे पंडित १८८९ पासून तेथील विद्यापीठांत शिकवीत होते. वेदांतील नक्षत्रांच्या उल्लेखांवरून त्यांचा काळ फार मागें नेतां येतो हा विचार त्यांनीं १८९३ सालीं मांडला. आणि त्याच सालीं लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला. दोघेहि एकमेकांपासून स्वतंत्रपणें जवळजवळ एकाच निष्कर्षाला पोहोंचले होते. नंतरच्या बहुतेक विद्वानांना तो काळ मान्य झाला नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु ऱ्हाईनकांठीं एक आणि मुठेकांठीं दुसरा असे दोघे जण एकाच वेळीं मृगनक्षत्राकडे पाहत बसले होते, एवढें कळल्यावर त्या नदीकांठच्या बांकावर बसणें निराळें होतें. तेथलें छायाचित्र घरीं गेलें तर त्याखालीं दोन ओळी वडिलांसाठीं लिहावयास हरकत नाहीं.

जानेवारीच्या मध्यापासून हीं छायाचित्रें येईनाशीं होतात. घरचे चिंतेंत पडतात. मुलगी आजारी तर नाहीं? तसें कांहीं नसतें. फेब्रुवारीपासून परीक्षा असतात, आणि शनिवार-रविवार ग्रंथालयांतल्या त्याच खुर्चींत जातात. फोन येतो तो दोन मिनिटांचा, आवाज बसलेला. ज्या महिन्यांत छायाचित्रें नसतात तो महिना तिच्या अभ्यासाचा खरा कसोटीचा. आणि ज्या रविवारीं तीं येतात त्या रविवारीं ती निदान उन्हांत होती, कोणाबरोबर तरी हसली होती, आणि तिचें जेवण झालें होतें, एवढें आईनें धरून चालावें.

तीं पाठविलीं जातात बहुधा परतीच्या गाडींतून. उन्हाळ्यांत तिकडे सहा वाजले म्हणजे इकडे साडेनऊ. हिवाळ्यांत हें अंतर आणखी एका तासानें वाढतें, तरीहि आई जागी असते. "पोहोंचलीस का?" असें ती विचारते. गाडी अजून ड्यूरेनलाच उभी असते. मुलगी "हो, आतां पोहोंचतेंच" असें उत्तर देते, मांडीवरचा रिकामा डबा पिशवींत घालते आणि उद्यांसाठीं छोले भिजत घालावयाचे आहेत हें आठवून हातावर पेनानें तसें लिहून ठेवते.