वायुकलिल, वनस्पतिजन्य

वनस्पतींनी सोडलेल्या बाष्पनशील कार्बनी संयुगांपासून हवेत तयार होणारे सूक्ष्मकण. उन्हात पिंपळ, निलगिरी इ. वृक्ष आयसोप्रीन, तर चीड मोनोटर्पिने उत्सर्जित करतो. हायड्रॉक्सिल मूलक व ओझोन यांच्याशी विक्रिया होऊन त्यांपासून कमी बाष्पनशील संयुगे बनतात व ती संघनित होऊन कण निर्माण होतात वा वाढतात. डोंगरांवरील निळसर धूसरतेचा वनस्पतींच्या वाफांशी असलेला संबंध एफ्. डब्ल्यू. वेंट यांनी १९६० मध्ये मांडला. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहने व कारखाने यांतून नायट्रोजन ऑक्साइडे बाहेर पडतात. सूर्यप्रकाशात या वाफांच्या सान्निध्यात त्यांपासून ओझोन बनून कणनिर्मितीस चालना मिळते. २·५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. तथापि वृक्षतोड हा यावर उपाय नव्हे; ज्वलनजन्य उत्सर्जन घटविणे व लागवडीसाठी अल्प उत्सर्जन करणारे वृक्ष निवडणे श्रेयस्कर ठरते.