वावडिंग, पळसपापडी आणि जंतांच्या औषधाची कसोटी

देवस्थानच्या औषधी वाटिकेत वावडिंगाच्या वेलीपाशी महाजन व कुळावी मंडळी आम्हांस एक प्रश्न वरचेवर विचारतात : वावडिंग जंतांवर गुणकारी असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, मग मुलांना शाळेतील गोळी कशासाठी द्यावी? प्रश्न रास्त आहे. म्हणून हा प्रयोग म्हणजे नेमके काय, ते येथे सांगत आहोत.

वावडिंगाची थोरवी जुनी आहे. चरकसंहितेतील कृमिघ्न गणाच्या दहा द्रव्यांत ‘विडंग’ आहेच. आज औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत त्याची परीक्षा बहुधा अशी होते. फळांची भरड करून पाण्यात वा मद्यार्कात अर्क काढतात. कमीअधिक तीव्रतेची द्रावणे काचेच्या बशांत घेऊन त्यांत सारख्या आकाराची गांडुळे सोडतात. एका बशीत नुसते सौम्य मिठाचे पाणी असते, तर दुसरीत पिपराझिन किंवा अल्बेंडाझोल हे परिचित औषध. गांडूळ किती मिनिटांत निश्चेष्ट झाले व किती मिनिटांत मेले, याची नोंद होते.

गांडूळच का? ते सहज मिळते आणि जंतासारखे दिसते म्हणून. परंतु साम्य बहुतांशी दिसण्यापुरतेच. गांडूळ वलयांकित प्राण्यांच्या संघातले, मातीत राहून ओल्या त्वचेने श्वास घेणारे. पोटातला गोल जंत निराळ्याच संघातला. त्याच्या अंगावर चिवट आवरण असते व आतड्यातील पाचक रसांत तो सुखाने नांदतो. गांडूळ तर मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरते. त्यावरून मिठास कोणी जंतांचे औषध म्हणत नाही!

खरी कसोटी पुढे लागते. मेंढीच्या पोटात राहून रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस या जंताची अंडी अर्कात उबतात की नाही, हे पाहतात. त्यानंतर काही मेंढ्यांना अर्क पाजून व काहींना न पाजता, दोन्हींच्या लेंड्यांतील अंडी आधी व नंतर मोजतात. बशीत यशस्वी झालेला अर्क पोटात पातळ होतो, पचून जातो, आणि निष्प्रभ ठरू शकतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्रेचा. किरमाणी ओव्यातील सँटोनिन हे एके काळी जंतांवरचे प्रसिद्ध औषध होते. परंतु त्याने रोग्यास सर्वत्र पिवळे दिसू लागे, आणि मात्रा वाढल्यास झटके येत. अधिक निर्धोक औषधे आल्यावर ते मागे पडले. पळसपापडीतील पॅलासोनिन हे तर अंगावर फोड आणणाऱ्या किड्यातील कँथॅरिडिन या विषाचे जवळचे आप्त. ‘झाडपाला आहे, अपाय होणार नाही’ हे म्हणणे म्हणूनच आम्हांस मान्य नाही. शिवाय बाजारात वावडिंग म्हणून त्याच कुळातील दुसऱ्या जातीची फळेही विकली जातात.

शाळा व अंगणवाड्यांतून २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना दिली जाणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी (दोन वर्षांखालील बाळास अर्धी) या सर्व कसोट्यांतून गेलेली आहे. वाटिकेतील वेल ओळख पटावी म्हणून लावली आहे. तिची फळे तोडून नेऊ नयेत, ही विनंती.