मासा, वही आणि पावती
पनवेलच्या नद्या : लेखांक सातवा

इंग्लंडमधलं डर्बी हे कारखान्यांचं शहर. डरवेंट नदी त्याच्या अंगाने वाहते. दुसऱ्या महायुद्धानंतर या नदीत तिघांची घाण येत होती. नगरपालिकेचं अर्धवट शुद्ध केलेलं मैलापाणी, कृत्रिम रेशीम काढणाऱ्या मोठ्या कारखान्याचं गरम सांडपाणी आणि वीजकेंद्रातून सुटणारं आणखी गरम पाणी. नदीतला मासा मेला आणि मासा ज्यांच्यावर जगतो ते किडेही मेले. कोर्टात गेला तो गळ टाकण्याचा छंद असलेल्यांचा एक स्थानिक क्लब. त्याचं नाव ‘प्राइड ऑफ डर्बी’. सोबत नदीकाठचा एक जमीनदार होता. समोर नगरपालिका, कारखाना आणि सरकारी वीज महामंडळ.

नगरपालिकेचं म्हणणं पनवेलकरांच्या ओळखीचं आहे. शहर वाढलं, माणसं वाढली, जुनं मैलाशुद्धीकरण केंद्र अपुरं पडलं, यात आमचा काय दोष? १९५२ मध्ये न्यायालयाने हा बचाव फेटाळला. १९५३ मध्ये अपिलातही तेच झालं. तिघांनाही घाण सोडण्यास मनाई झाली. सुधारणा करायला मुदत मिळाली, सूट मिळाली नाही.

हौशी मासेमारांच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, हा आजच्या लेखाचा विषय. गाढी, काळुंद्रे आणि कासाडी या आपल्या तीन नद्यांसाठी गेली कित्येक वर्षं मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, पावसाळ्याआधी काठावरचं प्लास्टिक गोळा होतं. ती धडपड मी जवळून पाहतो आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण डर्बीच्या क्लबकडे आणखी तीन गोष्टी होत्या, आणि त्या आपल्याकडेही असायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. त्या पाण्याच्या तुकड्यावर त्यांचा कागदोपत्री हक्क होता. पूर्वी नदी कशी होती हे ते पुराव्यानिशी सांगू शकत होते. आणि वकिलाची फी भागवायला पाठीशी पैसा होता.

आधी हक्काचं पाहू. इंग्लंडमध्ये मासे धरण्याचा हक्क ही मालमत्ता मानली जाते. काठाचा मालक तो क्लबला भाड्याने देतो. त्यामुळे नदी बिघडली की क्लबचं थेट नुकसान होतं आणि त्याला दाद मागता येते. पण एकटा क्लब हरला तर दोन्ही बाजूंच्या खर्चात बुडून जाईल, ही भीती होतीच. जॉन ईस्टवूड या बॅरिस्टरने १९४८ मध्ये त्यावर तोड काढली. देशभरच्या गळवाल्यांनी थोडी थोडी वर्गणी द्यायची, त्यातून एक सामाईक निधी उभा करायचा आणि लढणाऱ्या क्लबचा खर्च त्या निधीने उचलायचा. ‘अँगलर्स को-ऑपरेटिव्ह असोसिएशन’ या नावाने हा निधी उभा राहिला. आज तेच काम ‘फिश लीगल’ ही संस्था करते.

आता पुराव्याकडे. त्यासाठी फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडे गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. बारीक गळावर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून पाण्यावरच्या माशीसारखा किडा तयार करतात. तो इतका हलका असतो की स्वतःच्या वजनाने लांब जाऊच शकत नाही. वजन दोरीत असतं. लवचीक काठी मागेपुढे झुलवून ती दोरी हवेत उलगडायची आणि टोकाचा किडा अलगद पाण्यावर उतरवायचा. (सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांना या कामासाठी विलायतेत मोठी मागणी असे. त्यापायी हे पक्षी इथे मारले गेले, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.)

आज नदीवर कोणता किडा उडतो आहे, हे कळल्याशिवाय कोणता खोटा किडा बांधायचा हे ठरत नाही. म्हणून हे लोक मासा पाहण्याआधी दगड उलटून पाहतात. दगडाखाली काही माश्यांच्या अळ्या महिनोन्महिने राहतात. पाण्यातला प्राणवायू घटला किंवा विष उतरलं की आधी त्या जातात. प्रयोगशाळेची बाटली ज्या दिवशी भरली त्या दिवसाचंच पाणी सांगते. रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणी तिच्या हाती लागत नाही. अळी मात्र रात्रंदिवस तिथेच असते. यावरूनच ब्रिटनमध्ये क्लबांच्या सभासदांना एक साधी पद्धत शिकवतात. ठरलेल्या जागी जाळी धरायची, तिच्यासमोर तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, जाळीत आलेल्या अळ्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून जातवार मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की सरकारी पर्यावरण खात्याला कळवायचं. काम कंटाळवाणं आहे, पण दर महिन्याला त्याच जागी केलं तर ती नदीची आरोग्यपत्रिका होते.

पैशाची बाजू साधी आहे. सभासदांची वर्षाची वर्गणी, पाहुण्यांना दिलेले दिवसाचे परवाने, वर्षातून एकदा लिलाव. लिलावात कोणी हाताने बांधलेले किडे देतो, कोणी आपल्या ताब्यातल्या नदीवरचा एक दिवस देतो. मासेमारीच्या काठ्या, रीळ आणि खोटी आमिषं यांच्यावरच्या खास कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनालाच जाईल, अशी तजवीज अमेरिकेने १९५० मध्ये कायद्याने केली. छंद महाग झाला, पण पैसा कुठे जातो हे दिसत होतं.

हे सगळं परदेशातलंच आहे असं मात्र नाही. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही मुंबई इलाख्याच्या काळापासूनची संस्था आहे. आणि पनवेलच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीचं महसीर माशाचं पैदास केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालं. राज्याचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महसीरची अंडी कृत्रिम रीतीने फळवण्याचं तंत्र तिथे बसवलं आणि एस. एन. ओगले यांनी ते वाढवलं. हा तोच मासा, ज्याचं वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून केलं होतं.

या केंद्रातली एक गोष्ट मला फार आवडते. महसीरचं अंडं सोनेरी पिवळं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. ते उबायला तीन-चार दिवस लागतात. इतर कार्पांच्या मानाने हा वेळ बराच आहे, आणि तिथल्या लोकांनी त्याचा उपयोग करून घेतला. फळलेली अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून पाण्याशिवाय दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पिंपभर पाणी आणि प्राणवायूच्या पिशव्या नेण्याऐवजी एका डब्यात एका नदीची बीजं.

वळवणच्या धरणाचं पाणी खोपोलीच्या वीजगृहात उतरतं, तिथून पाताळगंगेत जातं आणि पाताळगंगेचं पाणी पनवेल परिसरातल्या कितीतरी घरांच्या नळाला येतं. म्हणजे महसीर आणि आपण एकाच पाण्यावर जगतो.

लोणावळ्याची पिलं देशभर गेली, त्यांतली काही कावेरीतही. तिथली गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात या क्लबांचं यशही आहे आणि मोठी चूकही. कावेरीत सुरुंग लावून मासे मारणं बोकाळलं होतं. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ने नदीचा एक पट्टा भाड्याने घेतला. पाहुण्यांनी परवान्याचे पैसे भरायचे, मासा पकडला की वजन करून परत सोडायचा आणि आलेल्या पैशातून काठावर पहारा ठेवायचा. पहारेकरी म्हणून काठच्या गावांतलीच माणसं घेतली. त्यांतले कित्येक आधी चोरून मासे मारत होते. नदीचा डोह न् डोह त्यांच्या ओळखीचा. त्यांना पगार मिळाला आणि नदीला राखणदार.

कावेरीकाठी गलिबोरे इथे गळमासेमारीचा एक तळ होता. तिथे प्रत्येक मासा वहीत लिहिला जाई. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून अधिक महसीरांच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. माशांची संख्या वाढली होती, म्हणजे पहाऱ्याचा उपयोग झाला होता. पण वाढला होता तो बाहेरून आणून सोडलेला निळसर परांचा महसीर, म्हणजे आपल्या लोणावळ्याचा. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर वहीतून नाहीसा होत चालला होता. १९४६ मध्ये म्हैसूरकडे १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा मासा गळाला लागला होता, तो याच जातीचा. तिचं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झालं आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. आपला महसीर मात्र संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

कुणाचा हेतू वाईट नव्हता. मासे कमी झाले, म्हणून मासे सोडले. पण एका नदीचं बी दुसऱ्या नदीत टाकणं म्हणजे संवर्धन नव्हे, हे त्या वहीने सिद्ध केलं. नोंदी नसत्या तर आजही आपण त्या पिलांचे फोटो कौतुकाने छापत असतो. २०१२ मध्ये संरक्षित वनक्षेत्रातल्या गळमासेमारीवर बंदी आली. तिच्या हेतूबद्दल माझा वाद नाही. मात्र त्या पैशावर उभ्या असलेल्या पहाऱ्याचा आधार गेला आणि वहीही बंद झाली. याची भरपाई करायला हवी होती.

आता आपल्या नद्यांकडे येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे दिसले आणि तिथलं सांडपाणी झेलणाऱ्या कासाडीचं नाव जगभर गेलं. त्याआधीपासून तिथले मच्छीमार ओरडून सांगत होते. पनवेलचे तेव्हाचे नगरसेवक अरविंद म्हात्रे यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. लवादाने तळोज्याच्या सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची झाडाझडती घेतली आणि पर्यावरण भरपाईपोटी मोठी रक्कम भरायला लावली. आपल्याकडे नदीकाठची मासेमारी ही कुणा क्लबची मालमत्ता नाही. पण २०१० च्या कायद्याने नुकसान झालेल्या कुणालाही लवादाचं दार उघडं आहे. म्हणजे डर्बीच्या क्लबला जो हक्क भाडं भरून मिळाला, तो आपल्या कोळ्याला कायद्याने दिलेला आहे.

उरतात वही आणि पैसा. आणि वहीत लिहायला पनवेलकडे मासा आहे, जिताडा. ऑस्ट्रेलियात फ्लाय फिशिंगवाले याच्यासाठी दूरदूरहून येतात. आपण त्याला फक्त ताटात ओळखतो. जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिलं खाडीतून वर गोड्या पाण्याकडे सरकतात. तरुणपणी तो नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्याच, आणि बाजारात आपण सर्वांत जास्त भाव देतो तोही त्यांनाच. म्हणूनच क्वीन्सलँडच्या नद्या-खाड्यांत ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा ठेवता येत नाही, विणीच्या काळात तर हातही लावता येत नाही.

रायगडला हा संयम नवा नाही. महाड तालुक्यात वाळण कोंडीला, काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, मारत नाहीत. दुसरीकडे मृगाच्या पहिल्या सरींत वलगणीचे मासे ओढ्याने वर चढतात, ते पोटात अंडी घेऊन, आणि आपण नेमके तेव्हाच पाग आणि जाळ्या लावून बसतो. पहिले आठ-दहा दिवस त्यांना जाऊ द्यायचं, असा ठराव गाढीकाठच्या एखाद्या ग्रामसभेने केला तर त्याला एक पैसाही लागणार नाही.

खाडीवर मात्र पैसा लागेल. कोळ्यांनी रोजच्या भरतीला जाळ्यात काय आलं ते लिहावं: जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी, किती आणि कुठे. पाण्याला रंग कोणता होता, वास कसला होता. त्या वेळेबद्दल त्यांना मानधन मिळावं. वहीची प्रत दर महिन्याला कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जावी. खारघर-पनवेलमध्ये महागड्या काठ्या घेऊन सुट्टीला समुद्रावर जाणारी तरुण मुलं पुष्कळ आहेत. त्यांनी वर्गणी काढावी, जमाखर्च जाहीर लावावा आणि सही मात्र कोळी सोसायटीच्या पदाधिकाऱ्याची असावी. नदीवर ज्याचं पोट आहे, त्याच्याच हाती ती वही शोभते. आणि पुढच्या सुनावणीत ‘मासे कमी झाले’ या तोंडी तक्रारीऐवजी तारीखवार नोंदी लवादापुढे ठेवता येतील.

पुढच्या लेखात गाढीचा उगम ते देहरंग धरण हा पट्टा घेऊ: धरणाखाली उन्हाळ्यात नदीला किती पाणी सोडलं जातं आणि ते कोण ठरवतं.